जामीन मिळाला, तरी माणूस जेलमध्येच का राहतो?

ऑक्टोबर २०२१ आठवतोय? मुंबईतलं क्रूझ ड्रग्ज प्रकरण. एका सुपरस्टारच्या मुलाला २८ तारखेला मुंबई हायकोर्टाने जामीन दिला. दुसऱ्या दिवशी अटींचा आदेश हातात आला, एक अभिनेत्री स्वतः कोर्टात गेली आणि एक लाखाच्या जामिनासाठी जामीनदार राहिली. सगळं झालं. पण कागद आर्थर रोड जेलच्या जामीन पेटीत संध्याकाळी साडेपाचच्या आत पोहोचले नाहीत. मग काय, अजून एक रात्र आत. सुटका झाली ३० तारखेला सकाळी. पुढे मे २०२२ मध्ये आरोपपत्र दाखल झालं, त्यात त्याचं नावसुद्धा नव्हतं.

त्या एका रात्रीवर चॅनलवाल्यांनी तासन् तास चर्चा केल्या. "जेलच्या बाहेर पत्र्याची पेटी असते आणि ती ठरलेल्या वेळी उघडतात" हे अर्ध्या देशाला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं.

आता हीच गोष्ट जरा बदलून बघा. पेटी वेळेत उघडली, कोर्टाचा आदेश झाला, न्यायाधीशांनी सही केली. पण जामीनदार म्हणून उभं राहायला कुणीच नाही. अशा माणसाचं काय होतं? तर तो आतच राहतो. एक रात्र नाही. कधी महिना, कधी सहा महिने, कधी खटला संपेपर्यंत.

मी पत्रकारितेत नवीन असताना एका बातमीला "आरोपीची जामिनावर सुटका" असं हेडिंग दिलं होतं. दोन दिवसांनी एका वकिलांचा फोन आला. म्हणाले, "ताई, जामीन मंजूर झालाय, सुटका नाही झालेली. दोन्हीत फरक असतो." मला वाटलं उगाच शब्द पकडतायत. पण तो फरक शब्दांचा नव्हता. म्हणून आज तोच विषय.

आधी आकडे बघू

राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभाग, म्हणजे एनसीआरबी, दरवर्षी देशातल्या जेलची आकडेवारी काढतो. २०२२ च्या अहवालानुसार देशभरातल्या जेलमध्ये ५,७३,२२० कैदी होते. त्यातले ४,३४,३०२ कच्चे कैदी. कच्चा कैदी म्हणजे ज्याचा खटला अजून चालू आहे किंवा सुरूही झालेला नाही, ज्याला कुठल्याही कोर्टाने अजून दोषी ठरवलेलं नाही. हे प्रमाण होतं ७५.८ टक्के. जेलमधल्या दर चार माणसांपैकी तिघं अजून कायद्याने निर्दोषच धरायचे आहेत.

जागा किती? ४,३६,२६६ कैद्यांची. म्हणजे १०० जणांच्या जागेत १३१ जण. हे झालं देशाचं सरासरी. मुंबई-पुण्याकडच्या मोठ्या जेलमधली गर्दी याहून कितीतरी जास्त असते, हे आपण बातम्यांत वाचतोच.

कच्च्या कैद्यांच्या संख्येत उत्तर प्रदेश पहिला, बिहार दुसरा आणि महाराष्ट्र तिसरा. आपल्याकडे त्या वर्षी सुमारे ३३ हजार कच्चे कैदी होते. देशात पाच वर्षांपेक्षा जास्त काळ खटल्याची वाट बघत आत असलेले ११ हजारांहून जास्त.

हे लोक कोण आहेत, तेही हेच अहवाल सांगतात. अंदाजे दोन तृतीयांश कच्चे कैदी दहावीपर्यंतही पोहोचलेले नाहीत. अनुसूचित जाती, जमाती आणि ओबीसी मिळूनही साधारण दोन तृतीयांश होतात. गुन्हे फक्त गरीबच करतात असा याचा अर्थ काढू नका. अटक झाल्यावर बाहेर कोण पडू शकतं आणि कोण पडू शकत नाही, याचा अर्थ त्यात आहे.

१५ हजारांचा जामीन म्हणजे १५ हजार भरायचे असतात का?

नाही. आणि गोंधळ इथेच सुरू होतो.

एक उदाहरण घेऊ. माणूस काल्पनिक आहे, पण कोर्टात आठवडाभर बसलात तर असे पाच तरी दिसतील. यवतमाळ जिल्ह्यातल्या एका गावातला पंचविशीचा मुलगा. पुण्यात बांधकामावर काम करतो, साईटवरच पत्र्याच्या खोलीत राहतो. मोबाईल चोरीच्या गुन्ह्यात त्याला अटक झाली. त्याने चोरी केली की नाही हे आपल्याला माहीत नाही, कोर्टालाही अजून माहीत नाही. महिन्याभराने सरकारी खर्चाने मिळालेल्या वकिलाने अर्ज केला आणि जामीन मंजूर झाला. आदेशात ओळ असते साधारण अशी: १५ हजार रुपयांचा वैयक्तिक जातमुचलका आणि तेवढ्याच रकमेचा एक सक्षम जामीनदार.

जातमुचलका म्हणजे आरोपीने स्वतः लिहून द्यायचं की मी तारखेला हजर राहीन, नाही राहिलो तर ही रक्कम भरीन. याला सगळे पीआर बाँड म्हणतात. यात अडचण नाही, सही केली की झालं.

अडचण आहे पुढच्या दोन शब्दांत. सक्षम जामीनदार. म्हणजे दुसऱ्या एका माणसाने येऊन सांगायचं की हा पळून गेला तर १५ हजार माझ्याकडून घ्या. त्याच वेळी पैसे भरायचे नसतात. पण त्या माणसाची तेवढी ऐपत आहे, हे कागदावर सिद्ध करावं लागतं. आधार कार्ड, रेशन कार्ड, फोटो, राहण्याचा पुरावा. त्यावर सातबारा किंवा घरपट्टीची पावती किंवा पगाराची स्लिप. काही ठिकाणी तहसील कार्यालयातून ऐपतीचा दाखला, ज्याला सगळे सॉल्व्हन्सी म्हणतात. मग कोर्टातला कर्मचारी कागद तपासतो, काही वेळा पोलिसांकडे पडताळणीला जातात. त्यात पाच-सात दिवस सहज जातात.

आता त्या मुलाकडे परत या. पुण्यात त्याच्या ओळखीचे कोण? सोबत काम करणारे मजूर. त्यांच्याकडे सातबारा नाही, घरपट्टी नाही, पगाराची स्लिप तर नाहीच. ठेकेदाराकडे हे सगळं आहे, पण तो चोरीच्या केसमध्ये कोर्टाची पायरी कशाला चढेल? गावाकडे वडिलांच्या नावावर दोन एकर असेलही. पण त्यांना कळवणार कोण? सगळे नंबर मोबाईलमध्ये होते आणि मोबाईल पोलिसांनी मुद्देमाल म्हणून जमा केलाय. (तुम्हाला स्वतःचा सोडून किती नंबर पाठ आहेत, एकदा आठवून बघा.)

समजा कसंबसं वडिलांना कळलं. ते यवतमाळहून आले, एक दिवसाची मजुरी आणि एसटीचं भाडं गेलं. कोर्टात कळलं की जमीन दुसऱ्या जिल्ह्यातली आहे, स्थानिक जामीनदार आणा. आले तसे परत गेले.

एक दुसरा रस्ता असतो, कॅश बेल. जामीनदाराऐवजी रोख रक्कम कोर्टात भरायची. ती खटला संपल्यावर परत मिळते. पण त्यासाठी वकिलाने वेगळा अर्ज करावा लागतो, कोर्टाने तो मान्य करावा लागतो आणि बऱ्याचदा ही सवलत काही आठवड्यांपुरतीच असते, तोवर जामीनदार आणायचाच असतो. शिवाय मूळ प्रश्न राहतोच, १५ हजार आणायचे कुठून?

आणि तिसरा रस्ता कोर्टाच्या आवारातच उभा असतो. पैसे घेऊन अनोळखी माणसाला जामीन राहणारे लोक. खोटी रेशन कार्डं, खोटे आधार, एकच माणूस दहा नावांनी. मुंबई-ठाण्यात अशा टोळ्या पकडल्याच्या बातम्या दर काही महिन्यांनी येतात. म्हणजे बघा, आरोपी पळू नये म्हणून जी अट घातली, तिच्यामुळे कोर्टाच्या दारातच खोट्या कागदांचा धंदा उभा राहिला. त्या जामीनदाराला आरोपीचं गावही माहीत नसतं, तो त्याला तारखेला काय आणणार?

संशोधन काय सांगतं?

हे सगळं मी एखाद-दुसऱ्या केसवरून सांगत नाहीये. महाराष्ट्रातच यावर पद्धतशीर काम झालंय. नागपूर आणि पुण्याच्या मध्यवर्ती कारागृहात फेअर ट्रायल प्रोग्राम नावाचा उपक्रम चालतो. तो दिल्लीच्या नॅशनल लॉ युनिव्हर्सिटीच्या कामातून उभा राहिला. तरुण वकील आणि सोशल वर्कर जेलमध्ये जाऊन कच्च्या कैद्यांच्या केस लढतात आणि त्याची नोंद ठेवतात. २०२२ च्या अखेरीस त्यांनी २,३१३ कच्च्या कैद्यांची माहिती समोर ठेवली.

त्यातल्या सुमारे ९३ टक्के लोकांच्या नावावर कसलीही मालमत्ता नव्हती. सुमारे ६२ टक्के लोकांचा घरच्यांशी काहीच संपर्क नव्हता. साडेअठरा टक्के स्थलांतरित होते.

हे तीन आकडे जामिनाच्या अटींशेजारी ठेवून बघा. कोर्ट विचारतं तुझी ऐपत काय, घरचे कुठे, स्थानिक कोण. आणि आतल्या माणसाकडे नेमक्या याच तीन गोष्टी नाहीत. याच कामात दिसलं की १४ टक्के प्रकरणांत जामीन मिळूनही अटी पूर्ण करता आल्या नाहीत. आणि अटी पूर्ण करून बाहेर पडायलाच महिन्याहून जास्त वेळ लागला अशी प्रकरणं साधारण ३५ टक्के होती. हे वकील आणि सोशल वर्कर मागे असतानाचं चित्र आहे. ज्यांच्या मागे कुणीच नाही त्यांचं काय, याचा अंदाज तुम्हीच करा.

सोशल वर्कर हा शब्द मी मुद्दाम दोनदा वापरला. टाटा सामाजिक विज्ञान संस्थेचा 'प्रयास' हा प्रकल्प १९९० पासून मुंबईतल्या जेल आणि पोलीस ठाण्यांमध्ये काम करतोय. या सगळ्या कामातून एक साधी गोष्ट पुढे आली. अशा केसमध्ये वकिलाइतकीच गरज असते गावाकडे फोन लावणाऱ्या माणसाची. कायद्याचा मुद्दा संपलेला असतो. आता कुणीतरी सरपंचाचा नंबर शोधायचाय, वडिलांना समजावायचंय, सातबाऱ्याची प्रत मागवायचीय. हे काम वकिलाच्या फीमध्ये बसत नाही.

नोव्हेंबर २०२२ मध्ये संविधान दिनाच्या कार्यक्रमात राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू बोलता बोलता लिहिलेल्या भाषणाच्या बाहेर गेल्या आणि जेलमधल्या गरीब कैद्यांबद्दल बोलल्या. समोर न्यायमूर्ती बसले होते. त्यानंतर तीनच दिवसांनी सुप्रीम कोर्टाने राज्यांना विचारलं की जामीन मिळूनही आत असलेले किती आहेत, यादी द्या. राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाने, म्हणजे नालसाने, माहिती गोळा केली तेव्हा आकडा निघाला सुमारे ५ हजार. शोध सुरू झाल्यावर त्यातले १,४१७ जण सुटले.

या १,४१७ जणांच्या बाबतीत नवीन काय घडलं होतं? काहीच नाही. जामीन आधीच मिळालेला होता. फक्त कुणीतरी विचारलं होतं.

"मग काय, चोरांना सोडून द्यायचं?"

ही कमेंट येणार, मला माहितीय. म्हणून इथेच बोलू.

आपण ज्यांच्याबद्दल बोलतोय त्यांना सोडायचं की नाही, हा निर्णय झालेला आहे. तो कोर्टाने घेतलाय. पोलिसांचं ऐकून, सरकारी वकिलांचं ऐकून. ज्यांना बाहेर सोडणं धोक्याचं वाटतं त्यांचा जामीन कोर्ट फेटाळतं, ते लोक या ५ हजारांत नाहीतच. म्हणजे इथे एखाद्याला आत ठेवण्याचं कारण त्याचा गुन्हा नाही, साक्षीदारांना धोका नाही, पुरावे नष्ट होण्याची भीती नाही. त्याच गुन्ह्यातला दुसरा आरोपी, ज्याच्या काकांचा फ्लॅट आहे, तो त्याच संध्याकाळी घरी जेवतो.

आणि फिर्यादीचं काय? ज्याचा मोबाईल गेला, त्यालाही यातून काही मिळत नाही. आरोपी आत असला म्हणून खटला लवकर चालतोच असं नाही.

उलट आत राहिल्याने खटल्याचा निकालच वाकडा होतो, ते कसं बघा. चोरीला जास्तीत जास्त शिक्षा आहे तीन वर्षं. प्रत्यक्षात छोट्या चोरीत कोर्ट त्याहून बरीच कमी शिक्षा देतं. जेलमध्ये काढलेले दिवस शिक्षेतून वजा होतात. आता जो मुलगा जामिनाची वाट बघत आठ महिने आत आहे, त्याला शेजारचा जुना कैदी सांगतो, "गुन्हा कबूल कर, आजच सुटशील." हिशोब बरोबर असतो. कबूल केलं तर कोर्ट काढलेल्या दिवसांएवढी शिक्षा देऊन सोडू शकतं. नाकारलं तर तारीख पे तारीख.

म्हणजे निर्दोष म्हणून बाहेर पडण्यापेक्षा दोषी म्हणून बाहेर पडणं सोपं. मला या सगळ्या विषयात सर्वांत जास्त अस्वस्थ करणारी गोष्ट हीच वाटते. कारण तो बाहेर येतो तो शिक्षा झालेला गुन्हेगार म्हणून. पुढच्या वेळी वस्तीत चोरी झाली की पोलीस आधी त्याच्याकडे येतात. आणि कायद्यातली 'पहिल्यांदाच गुन्हा' ही सवलतही त्याच्या हातून गेलेली असते. ती कोणती, ते पुढे सांगते.

हे कोर्टाला माहीत नाही का?

चांगलं माहितीय. ४५ वर्षांहून जास्त काळ माहितीय.

१९७८ साली मोती राम नावाच्या गवंड्याचं प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं. मध्य प्रदेशातलं. सुप्रीम कोर्टाने त्याला जामीन दिला आणि रक्कम ठरवायचं काम खालच्या कोर्टावर सोडलं. खालच्या कोर्टाने १० हजारांचा जामीनदार मागितला. १९७८ मधले १० हजार, गवंड्याला. त्याचा भाऊ जामीन राहायला तयार होता, तर त्याची मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यात आहे म्हणून त्याला नाकारलं. न्यायमूर्ती व्ही. आर. कृष्ण अय्यर चांगलेच चिडलेले दिसतात. भारतातलाच माणूस भारतातल्याच दुसऱ्या जिल्ह्यात परका कसा, असा त्यांचा सूर होता. त्यांनी मोती रामला त्याच्या स्वतःच्या १ हजाराच्या बाँडवर सोडायला सांगितलं. आपल्या काल्पनिक मुलाच्या वडिलांना यवतमाळला परत पाठवणारी अट त्याच निकालात बाद झालेली आहे, आणि तरी ती आजही घातली जाते.

पुढच्याच वर्षी, १९७९ मध्ये, हुसैनारा खातून प्रकरण आलं. बिहारच्या जेलमध्ये किती लोक खटल्याविना सडतायत यावर राष्ट्रीय पोलीस आयोगाचे सदस्य के. एफ. रुस्तमजी यांनी इंडियन एक्सप्रेसमध्ये लेख लिहिले. ते वाचून वकील कपिला हिंगोरानी यांनी सुप्रीम कोर्टात याचिका केली. त्या यादीत असे लोक होते की ज्यांच्या गुन्ह्याला जेवढी जास्तीत जास्त शिक्षा आहे, त्याहून जास्त वर्षं ते आत होते. खटला मात्र सुरूच झालेला नव्हता. भारतातल्या जनहित याचिकांची सुरुवात साधारण इथून धरतात. लवकर खटला चालणं हा मूलभूत हक्क आहे, हेही याच प्रकरणात ठरलं.

या निकालात न्यायमूर्ती पी. एन. भगवती यांनी एका अमेरिकन प्रयोगाचा उल्लेख केलाय, आणि तो मला फार महत्त्वाचा वाटतो. मॅनहॅटन बेल प्रोजेक्ट.

१९६१ मध्ये न्यूयॉर्कमध्ये हा प्रयोग सुरू झाला. तिथेही तीच अडचण होती. पैसे नाहीत म्हणून लोक आत. हर्बर्ट स्टर्झ आणि लुई श्वाईट्झर या दोघांनी कायद्याच्या विद्यार्थ्यांना हाताशी धरलं. विद्यार्थी आरोपीला प्रश्न विचारायचे. इथे किती वर्षं राहतोस? काम कुठे करतोस? घरी कोण आहे, ते तुला भेटतात का? उत्तरं फोन करून पडताळायचे. गुण द्यायचे. पुरेसे गुण मिळाले तर कोर्टाला सांगायचे, याला पैशाविना सोडा, हा येईल.

खरी गंमत पुढे आहे. योग्य ठरलेल्या आरोपींचे त्यांनी दोन गट केले. एका गटाची शिफारस कोर्टाला दिली, दुसऱ्याची दिलीच नाही. औषधांच्या चाचणीत करतात तसं. शिफारस झालेल्यांपैकी सुमारे ६० टक्के सुटले, दुसऱ्या गटातले जेमतेम १५ टक्क्यांच्या आसपास. मग दोन्ही गटांच्या खटल्यांचं काय झालं ते पाहिलं. शिफारस झालेल्या गटात सुमारे ६० टक्के निर्दोष सुटले किंवा त्यांचे खटले निकाली निघाले. दुसऱ्या गटात हेच प्रमाण २३ टक्के. दोन्ही गट सारखेच निवडलेले, फरक एवढाच की एका गटातले जास्त लोक बाहेर होते. बाहेर असलेला माणूस वकिलाला भेटू शकतो, साक्षीदार शोधू शकतो, कामावर जाऊ शकतो.

आणि पळून किती गेले? पहिल्या तीन वर्षांत साडेतीन हजारांच्या आसपास लोक असे सोडले. स्वतःच्या चुकीने तारखेला न आलेले होते १.६ टक्के. १९६६ मध्ये अमेरिकेच्या केंद्रीय कोर्टांसाठी जामिनाचा कायदा बदलला, त्यामागे हा प्रयोग होता. अमेरिकेचा पुढचा इतिहास काही फार आदर्श नाही, तिथे जामिनाचे पैसे भरणाऱ्या कंपन्यांचा मोठा धंदा आहे, पण तो वेगळा विषय.

म्हणजे आरोपीला तारखेला आणायला पैसा लागतो की ओळख, या प्रश्नाचं उत्तर ६० वर्षांपूर्वी मोजून झालंय. आपल्या सुप्रीम कोर्टाने ते १९७९ मध्ये वाचलंय. आणि यवतमाळच्या मुलाला आजही सातबारा विचारतात.

असं का होतं, यावर माझं मत सांगते. खालच्या कोर्टातल्या न्यायाधीशाच्या जागी बसून बघा. दिवसाला शंभर-शंभर प्रकरणं बोर्डावर. सोडलेला आरोपी पळाला, तर बोट त्यांच्याकडे. जामीनदाराविना कुणी आत राहिला, तर त्याची कुठेही बातमी होत नाही, वरून कुणी विचारत नाही. छापील आदेशात फक्त रक्कम भरायची असते. यात क्रूरपणा शोधायची गरज नाही. सवय पुरते.

नियम तर बदललेत

३१ जानेवारी २०२३ ला सुप्रीम कोर्टाने बऱ्यापैकी ठोस सूचना दिल्या. जामीन मंजूर झाला की त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी आदेश ईमेलने जेल अधीक्षकांना जायला हवा, तिथून कैद्याला कळायला हवा. (हो, आपल्याला जामीन मिळालाय हेच माहीत नसलेले कैदी असतात.) सात दिवसांत सुटका झाली नाही तर अधीक्षकांनी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या सचिवांना कळवायचं, त्यांनी कारण शोधायचं. महिनाभरात जामीनदार मिळाला नाही तर कोर्ट स्वतःहून अटी बदलण्याचा किंवा सैल करण्याचा विचार करू शकतं. आणि स्थानिक जामीनदाराचा आग्रह हे सुटका रखडण्याचं एक कारण आहे, तशी अट घालू नये, हेही स्पष्ट म्हटलंय.

दुसरा बदल कायद्यातला. १ जुलै २०२४ पासून नवी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू झाली. तिच्या कलम ४७९ नुसार, ज्या गुन्ह्यात अटक झाली त्याच्या कमाल शिक्षेच्या निम्मा काळ आत काढला की कच्च्या कैद्याला जामीन द्यायचा. आयुष्यात आधी कधीच शिक्षा झालेली नसेल तर एक तृतीयांश काळ पुरे. म्हणजे तीन वर्षांच्या चोरीत एक वर्ष. अर्ज करायची जबाबदारी जेल अधीक्षकांवर. ऑगस्ट २०२४ मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं की हे जुन्या केसमधल्या कैद्यांनाही लागू होईल.

यात दोन मोठे अडथळे आहेत. फाशी किंवा जन्मठेपेची तरतूद असलेल्या गुन्ह्यांना हे लागू नाही, हे समजण्यासारखं आहे. पण एकापेक्षा जास्त गुन्हे किंवा जास्त केस चालू असतील तरी या कलमाखाली सुटका नाही. आणि साध्या घरफोडीतही पोलीस एका एफआयआरमध्ये तीन-चार कलमं लावतात, हे कोर्टाच्या बातम्या करणाऱ्या कुणालाही माहितीय. शिवाय आठ महिन्यांनी वैतागून गुन्हा कबूल करून सुटलेला तो मुलगा आठवा. तो पुन्हा कधी अडकला तर त्याला एक तृतीयांशची सवलत नाही, कारण कागदावर तो आता आधी शिक्षा झालेला आहे.

तिसरी गोष्ट म्हणजे केंद्राची गरीब कैद्यांसाठीची योजना. २०२३ च्या अर्थसंकल्पात तिची घोषणा झाली, वर्षाला २० कोटींची तरतूद. कच्च्या कैद्याच्या जामिनासाठी ४० हजारांपर्यंत आणि दंड न भरल्याने अडकलेल्या शिक्षेच्या कैद्यासाठी २५ हजारांपर्यंत रक्कम सरकार भरणार, अशी मूळ मर्यादा होती. जिल्ह्याची समिती ठरवते, त्यात जिल्हाधिकारी, पोलीस अधीक्षक, जेल अधीक्षक, विधी सेवा प्राधिकरणाचे सचिव आणि एक न्यायाधीश असतात. अमली पदार्थ, यूएपीए, मनी लाँडरिंग, भ्रष्टाचार अशा गुन्ह्यांना ती नाही.

योजना चांगली आहे, पण ती पैसे देते. आणि आदेशात बऱ्याचदा मागितलेला असतो माणूस. सरकार १५ हजार भरायला तयार असलं तरी आदेशात 'सक्षम जामीनदार' लिहिलंय तोवर ते पैसे कुठे भरणार? आधी कुणीतरी कोर्टात अर्ज करून ती अट रोख रकमेत बदलून घ्यायला हवी. म्हणजे फिरून तोच प्रश्न, हा अर्ज कोण करणार?

तुमच्या ओळखीत कुणी अडकलं असेल तर

शेवटी कामाचं तेवढं सांगते, कारण हा लेख वाचून दोघा-तिघांचे तरी मेसेज येतील.

जेलमध्ये असलेल्या कुठल्याही व्यक्तीला मोफत वकील मिळण्याचा हक्क आहे. त्यासाठी उत्पन्नाचा दाखला लागत नाही, कोठडीत असणं एवढंच पुरेसं आहे. हा १९८७ चा कायदा आहे. नालसाची हेल्पलाईन १५१०० आहे. प्रत्येक जिल्हा कोर्टाच्या इमारतीत जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं ऑफिस असतं, तालुक्याला तालुका विधी सेवा समिती असते. जायचं तर केस नंबर, पोलीस ठाणं आणि कोणत्या जेलमध्ये आहे एवढं माहीत असलं तरी चालतं.

गुन्हा जामीनपात्र असेल आणि अटकेपासून आठवडाभरात जामीनदार देता आला नसेल, तर तो माणूस गरीब आहे असं कायदा स्वतःच गृहीत धरतो आणि त्याला नुसत्या जातमुचलक्यावर सोडायला सांगतो. वकिलाला हे आठवण करून द्यायला लाजू नका.

गुन्हा अजामीनपात्र असेल, जामीन मंजूर झालाय आणि जामीनदार मिळत नाहीये, तर दोन अर्ज होऊ शकतात. रक्कम किंवा अट कमी करण्याचा आणि जामीनदाराऐवजी रोख रक्कम किंवा फक्त पीआर बाँड मान्य करण्याचा. अर्जात २०२३ च्या सुप्रीम कोर्टाच्या आदेशाचा उल्लेख करायला सांगा. जमीन दुसऱ्या जिल्ह्यात आहे म्हणून घरच्यांचा जामीन नाकारला तर मोती राम निकालाचाही.

आणि गावाहून कोर्टात येणार असाल तर सातबाऱ्याची नवीन प्रत, आधार, रेशन कार्ड, दोन फोटो आणि सगळ्याच्या झेरॉक्स घेऊन या. कोर्टाजवळच्या झेरॉक्सवाल्याकडे दुपारी लंच टाईमची रांग असते, त्यात तारीख निघून जाते.